पदव्यांची यादी आणि न उघडलेले प्रबंध

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे. काही मित्रांना तो थोडा बोचेलही. तरीही लिहितो, कारण विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

दर वर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एक चित्र आपल्या सर्वांच्या पडद्यावर येऊन जाते. निळी पार्श्वभूमी, काळ्या काड्यांचा चष्मा, हातात ग्रंथ आणि शेजारी पदव्यांची उतरंड. ‘३२ पदव्या’ हा त्यातला सर्वांत लाडका आकडा. आपण तो पाहतो, अभिमानाने पुढे पाठवतो आणि आपले काम संपले असे समजतो. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने निदान एकदा तरी ती यादी मोजून पाहावी.

मुंबई विद्यापीठाची बी.ए., कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. पुढे १९५२ मध्ये कोलंबियाने दिलेली एलएल.डी. आणि १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने दिलेली डी.लिट., या दोन सन्मान्य पदव्या. झाली यादी. दोन हातांच्या बोटांवर मावते. जो माणूस शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात स्वतःच्या गोणपाटावर बसला, त्याने इथवर मजल मारली हे सांगायला आकडा फुगवावा लागत नाही. फुगवलेला आकडा खऱ्या कामगिरीवर पांघरूण घालतो.

आणि माझी खरी तक्रार आकड्याविषयी नाहीच. या यादीतल्या चार पदव्या अर्थशास्त्राशी निगडित आहेत आणि त्यांचे मुख्य शिक्षण १९१३ ते १९२३ या दहा वर्षांत झाले. त्या काळात त्यांनी लिहिलेल्या बहुतेक पानांमागे एकच प्रश्न उभा आहे : सरकार पैसा कोणाकडून घेते, कोणावर खर्च करते आणि त्याचा जाब कोणाला देते? आज विद्यापीठे ‘उपयोजित अर्थशास्त्र’ या नावाने जी पदव्युत्तर पदवी देतात, तिचा गाभा याहून फार वेगळा नाही. त्या काळी हे नाव प्रचारात नव्हते, एवढेच.

मी स्वतः उपयोजित अर्थशास्त्रात एम.ए. केले. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. दोन वर्षे आम्ही संगणकावर समीकरणे चालवली, राज्यांच्या महसुलाचे तक्ते मांडले, केंद्र आणि राज्यांच्या वाट्यावर निबंध लिहिले. या विषयावर एका मराठी माणसाने १९२५ साली लंडनहून ग्रंथ प्रसिद्ध केला होता, हे त्या दोन वर्षांत वर्गात एकदाही कोणी बोलले नाही. इतिहासाच्या मित्रांना पदव्या पाठ, अर्थशास्त्राच्या मित्रांना सूत्रे पाठ. प्रबंध मात्र दोघांच्याही कपाटाबाहेर. म्हणून आज प्रबंधांविषयी.

जुलै १९१३. बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. मुदत तीन वर्षांची. त्या बदल्यात पुढे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. वय २२. त्याच साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे, हेही ठरलेले.

कोलंबियात अर्थशास्त्र ज्या विद्याशाखेत शिकवले जाई, तिचे नाव राज्यशास्त्र विद्याशाखा. अर्थशास्त्र, इतिहास, सार्वजनिक कायदा आणि समाजशास्त्र हे तिथे एकाच छपराखाली नांदत. त्यामुळे विद्यार्थ्याला एका विषयाच्या कुंपणात राहण्याची सक्ती नव्हती. विद्यापीठाच्या नोंदींवरून अभ्यासकांनी त्यांच्या पाठ्यक्रमांची मोजदाद केली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. पोस्टरवर छापायचाच असेल तर हा हिशेब छापावा. जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, गोल्डनवायझर यांच्यापुढे वाचला गेला. तो लिहिणारा विद्यार्थी मुळात अर्थशास्त्राचा होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

अर्थशास्त्रातले त्यांचे मुख्य गुरू एडविन सेलिग्मन. करप्रणाली हा त्यांचा प्रांत. कर सरकार एकावर बसवते, पण त्याचा भार सरकत सरकत शेवटी कोणाच्या खांद्यावर जाऊन पडतो, या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिले होते. हा प्रश्न नीट समजून घेतला की मिठावरचा कर किंवा शेतसारा पूर्वीसारखा दिसत नाही. व्यापाऱ्याने भरलेला मिठाचा कर शेवटी भाकरी खाणारा प्रत्येक माणूस देतो, आणि गरिबाच्या मिळकतीत त्याचा वाटा श्रीमंतापेक्षा मोठा असतो.

एम.ए. च्या काळातले त्यांचे एक लेखन प्राचीन भारतीय व्यापारावर आहे. दुसऱ्यावर तारीख आहे १५ मे १९१५ आणि विषय आहे ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. हे दुसरे लेखन प्रत्येक इतिहासप्रेमीने वाचावे असे मला वाटते. त्यात प्लासी नाही, बक्सार नाही, तलवारी नाहीत. कंपनीचे भागधारक आणि संचालक यांचे अधिकार काय होते, जमीनदारी आणि रयतवारी यांतून महसूल कसा येई, मीठ, अफू आणि जकातीचे उत्पन्न किती, कर्ज किती आणि ते कशापायी झाले, अशी ही पाने आहेत. राज्य कसे जिंकले हे आपल्याला बखरी सांगतात. ते कोणाच्या पैशाने चालले, हे या वह्या सांगतात.

एक उदाहरण देतो. १८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीचा व्यापार बंद केला. मग भागधारकांचे काय? त्यांना दरसाल साडेदहा टक्के लाभांशाची हमी देण्यात आली आणि तो भारताच्या महसुलातून द्यायचे ठरले. भागभांडवल ६० लाख पौंड; म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. दुकान बंद झाले, मालकांचा नफा मात्र रयतेच्या शेतसाऱ्यातून चालू राहिला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य राणीकडे गेले तेव्हा कंपनीचे कर्जही भारताच्याच डोक्यावर ठेवण्यात आले. भारताला जिंकण्याचा खर्च भारतानेच भरला, असा हा व्यवहार.

त्या लेखनाच्या शेवटी २४ वर्षांचा विद्यार्थी जो निष्कर्ष काढतो त्याचा आशय असा, की निव्वळ आर्थिक दृष्टीने पाहिले तर भारताने इंग्लंडला जे दिले ते थक्क करणारे आहे आणि इंग्लंडने भारताला जे दिले ते शून्यवत आहे, हेही तितकेच थक्क करणारे आहे. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी हा विचार आधी मांडला होता, हे खरे. पण जे लोक आजही ‘आंबेडकरांनी ब्रिटिश सत्तेवर कधी टीका केली नाही’ असे छातीठोकपणे लिहितात, त्यांनी हे प्रकरण उघडलेलेच नाही, असे समजायला हरकत नाही.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ. कोलंबियाच्या पीएच.डी. चा हा प्रबंध १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने छापला. विषय : ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव गायकवाडांना. लंडनच्या एम.एस्सी. चा १९२१ चा प्रबंधही याच प्रांतातला होता. विषयाचे नाव ऐकूनच झोप यावी, हे मान्य. तरी दोन मिनिटे थांबा.

१८३३ च्या त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. मुंबई, मद्रास यांचे स्वतंत्र आर्थिक अधिकार काढून घेऊन सारा खजिना कलकत्त्याच्या हाती दिला. परिणाम असा झाला, की कारभार चालवायचा प्रांतांनी आणि पैसा उभा करायचा वरिष्ठ सरकारने. ज्याला कर लावण्याची बदनामी सोसावी लागत नाही, तो खर्चात हात आखडता कशाला घेईल? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! जो प्रांत जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. काटकसर करणाऱ्याला शाबासकी तर नाहीच, उलट त्याची मागणी पुढच्या खेपेला कमी धरली जाई. आणि वरिष्ठ सरकारला प्रत्यक्ष कारभाराची माहिती नसल्यामुळे कोणती मागणी खरी आणि कोणती फुगवलेली, हे ओळखण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते.

१८५७ नंतर तिजोरी कोरडी पडली. १८६० मध्ये प्राप्तिकर आला. तरी भागेना, तेव्हा लॉर्ड मेयो यांच्या सरकारने डिसेंबर १८७० मध्ये ठराव केला आणि तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा, रस्ते अशी काही खाती ठराविक रकमेसह प्रांतांकडे सोपवली. आंबेडकरांनी या प्रवासाचे तीन टप्पे पाडले आहेत. १८७१-७२ पासून ठोक नेमणुकीचे अंदाजपत्रक. १८७७-७८ पासून काही महसूल प्रांतांच्या नावे लावून देणे. १८८२-८३ पासून १९२०-२१ पर्यंत महसुलाची वाटणी. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या कोणत्या दोषातून जन्मला, हे ते अंदाजपत्रकांतले आकडे मांडून दाखवतात.

या वाटणीचे करार पाच-पाच वर्षांचे असत. पाच वर्षे संपली की प्रांताने वाचवलेले केंद्र पुन्हा आपल्याकडे ओढून घेई. मग शहाणा प्रांत काय करील? शेवटच्या वर्षी हात मोकळा सोडून खर्च करील. १८९६ मध्ये बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरने या प्रकाराची तुलना मेंढीची लोकर कातरण्याशी केली होती : दर पाच वर्षांनी मेंढी उताणी पाडायची, कातरायची आणि पुन्हा केस वाढेपर्यंत सोडून द्यायची. मार्च महिन्यात घाईघाईने होणारे रस्त्यांचे डांबरीकरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा इतिहास परका वाटणार नाही.

या सगळ्याला सरकारी कागदांत ‘विकेंद्रीकरण’ म्हटले जाई. आंबेडकरांचे खरे योगदान असे, की त्यांनी या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी साधे प्रश्न विचारले. महसुलावर प्रांताचा कायदेशीर हक्क आहे का? स्वतःच्या अधिकारात कर लावता येतो का, कर्ज काढता येते का? उत्तर नकारार्थी आले. म्हणजे प्रांतांचे अंदाजपत्रक हे हिशेबाच्या सोयीसाठी केलेले वेगळे पान होते. पाकीट एकच आणि त्याची दोरी एकाच हातात. शब्दाला न भुलता वहीतली तरतूद पाहायची, ही शिस्त त्यांनी पदव्युत्तर वर्गात कमावली. १९४७ नंतर मसुदा समितीच्या अध्यक्षपदी हाच माणूस बसला, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २८० मध्ये वित्त आयोगाची तरतूद आली. ती त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून आली असे मी म्हणणार नाही. घटना समितीचे काम अनेकांचे होते. पण त्या सभागृहात केंद्र-प्रांत वित्तसंबंधांचा शंभर वर्षांचा इतिहास स्वतः लिहिलेला सभासद होता, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, तो पुरेसा की अपुरा, यावर आज भांडणारे कितीजण तो इतिहास वाचून भांडतात?

लंडनचा भाग थोडक्यात. ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. तिथे निवडलेल्या विषयांत भूगोल होता आणि शिकवायला हॅलफर्ड मॅकिंडर होते. भूराजनीतीच्या चाहत्यांनी हे नाव नक्की ऐकले असेल. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके पाणतीराच्या माऱ्यात समुद्रात बुडाली. बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकले. ज्या संस्थानने वित्तशास्त्र शिकायला परदेशी पाठवले, त्याच संस्थानच्या राजधानीत शिकलेल्या माणसाला खोली नव्हती. हा प्रसंग इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की मी तो वाढवीत नाही.

पण १९१८ चा एक निबंध सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो आपल्या शेताच्या बांधावरचा आहे. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय, हा त्याचा विषय. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांच्यासारखे अधिकारी म्हणत होते, की तुकडे फार लहान झाले आहेत, ते एकत्र करा आणि पुन्हा तुकडे होऊ देऊ नका. कुटुंब सुखाने जगेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीन. आंबेडकरांनी ही व्याख्याच उलटवली. जमीन किफायतशीर आहे की नाही हे कुटुंबाच्या पोटावरून ठरत नाही. त्या जमिनीवर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्याचे आणि हात जास्त असतील तर लहान शेत आणखी तोट्याचे. बांध मोडून हा प्रश्न सुटणार नाही. शेतीवरचे रिकामे हात उद्योगधंद्यांकडे वळले पाहिजेत. ते त्या वेळी २७ वर्षांचे होते. शेतीवरच्या लपलेल्या बेकारीची चर्चा अर्थशास्त्रात रूढ व्हायला अजून बराच अवकाश होता.

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज. एवढ्या जोरावर १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२१ मध्ये एम.एस्सी., नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मान्य. रुपयाच्या प्रश्नावरचा हा दुसरा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठवला होता; त्यांनी तो पुन्हा लिहून सादर केला. प्रस्तावना एडविन कॅनन या गुरूंची, आणि त्या प्रस्तावनेतच गुरू सांगतात, की शिष्याची काही मते आपल्याला पटत नाहीत. केन्स यांनी १९१३ मध्ये ज्या सुवर्ण विनिमय परिमाणाची भलामण केली होती, त्यावरच हा प्रबंध हल्ला चढवतो. मुद्दा असा, की लंडनमधला विनिमय दर स्थिर ठेवून भारतातल्या किमती स्थिर राहत नाहीत आणि ज्या व्यवस्थेत सरकारला वाटेल तितके रुपये पाडता येतात, तिथे झळ मजुराला बसते. किमती आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते.

आणि आता ज्या वाक्यामुळे हा धागा काही मित्रांना बोचेल ते. ‘याच ग्रंथावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली’ हे विधान मी यापुढे पाठवणार नाही. रिझर्व्ह बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये केली, कायदा १९३४ मध्ये झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ ला उघडली. आंबेडकरांनी डिसेंबर १९२५ मध्ये त्या आयोगापुढे साक्ष दिली, हे पूर्ण खरे आणि अभिमानास्पद. परंतु ग्रंथाचा मुख्य प्रस्ताव मध्यवर्ती बँकेचा नाही. रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा घाला, चलन सांभाळणाऱ्यांच्या मर्जीवर ते सोडू नका, असा तो प्रस्ताव आहे. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल ग्रंथात संशय व्यक्त झाला आहे, तिचेच श्रेय आपण ग्रंथाला देतो! हे न वाचता केलेल्या कौतुकाचे फळ. विरोधक त्यांना वाचत नाहीत याची तक्रार आपण करतो. चाहत्यांनी वाचले असते तर ही चूक इतकी वर्षे फिरत राहिली नसती.

वाचायचे कुठून, हा प्रश्न आता प्रतिसादांत येईलच. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा खंड ६, संपादक वसंत मून. कंपनीवरचे लेखन, प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपया हे तिन्ही त्यात आहेत. लहान शेतजमिनींचा निबंध खंड १ मध्ये. सुरुवात कंपनीपासून करा, ते सर्वांत लहान आहे. प्रांतिक वित्तव्यवस्थेतले तक्ते पहिल्या वाचनात सोडून द्या, मीही सोडले होते. दुसऱ्या वेळी मात्र राज्याच्या चालू अंदाजपत्रकाचे पुस्तक शेजारी उघडून ठेवा. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद का झाल्या, याची गोष्ट पुढच्या धाग्यात.